तयार प्लॅनवरून घरी टेबल करायचंय: बेळगावात लाकूड कुठलं घेऊ, आणि मापं तशीच ठेवू का?

टिळकवाडीकर | २४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पोरगी यंदा आठवीला जाणार. आजवर जेवणाच्या टेबलावर अभ्यास चालला, आता तिला स्वतःची जागा पाहिजे. दुकानात बघून आलो. भुशाच्या बोर्डाची टेबलं आहेत, दिसायला छान, पण आमच्या घरात पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला होतो. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात हे शेजारी बघितलंय.

म्हणून स्वतःच करायचं ठरवलं. एका अमेरिकन साइटवरून प्लॅन उतरवून घेतलाय. टेबल ४८ इंच लांब, २४ रुंद, ३० उंच, एका बाजूला खण. कटिंगची यादी आहे, स्क्रू कुठं मारायचे त्याची चित्रं आहेत. सामानात लिहिलंय पाइनचे 'टू बाय फोर' आणि फळ्या. माझ्याकडं ड्रिल मशीन, हातकरवत, वडिलांचा जुना रंधा आणि गुण्या (काटकोन बघायचा) आहे. शाळेत असताना सुट्टीत सुतारकाम बघत बसायचो तेवढीच ओळख.

प्रश्न दोन. पाइन इथं चांगलं मिळतं का, नाहीतर त्याच्या जागी काय घ्यावं? आणि प्लॅनमधली मापं तशीच्या तशी चालतील का? मिरगाच्या आधी काम उरकावं असा विचार आहे.

रंधा | २४ मे, रात्री १०.१५

मापं तशीच घेऊ नका. आधी हे वाचा, मग वखारीत जा.

अमेरिकेतला 'टू बाय फोर' दोन बाय चार नसतो. चिरताना तसा असतो, वाळवून रंधून दुकानात येईपर्यंत दीड बाय साडेतीन इंच उरतो. प्लॅन काढणाऱ्यानं दीडच धरलेला असतो आणि ते तिकडं सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणी लिहीत नाही. आपल्याकडं वखारीत दोन बाय चार सांगितलं तर दोन बाय चारच चिरून देतील.

आता हिशोब बघा. टेबल ४८ इंच, दोन्ही टोकांना पाय, समोरून पायाची दीड इंचाची बाजू दिसते. म्हणजे मधली पट्टी ४५. तुमचा पाय दोन इंची असेल आणि तुम्ही यादी बघून ४५ चीच पट्टी कापली तर सांगाडा ४९ भरणार, वरची फळी ४८ ची. खणाचं पण तसंच बिघडत जाणार. उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, असे तीन सांगाडे दुरुस्तीला आलेत.

आधी लाकूड आणा, रंधून घ्या, हातात आलेली जाडी मोजा, मगच यादी नव्यानं लिहा.

शहापूरकर | २४ मे, रात्री १०.३१

टेबल झालं की कुंदा (आपली बेळगावची मिठाई) आमच्याकडून. फोटो टाकायचा मात्र.

जांबोटी | २५ मे, सकाळी ७.०५

लाकडाचं मी सांगते. आमच्याकडं खानापूर भागात घराघरांत फणसाचं काम आहे. देव्हारा फणसाचा, पाट फणसाचे. रंग पिवळा असतो, वर्षं जातील तसा तांबूस तपकिरी होत जातो. पाइनपेक्षा कितीतरी सरस. आंबा स्वस्त मिळेल, पण त्यातल्या पांढुरक्या भागाला किडा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. घेतलाच तर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्याचं औषध करून घ्या.

पण लाकूड कुठलं यापेक्षा ते वाळलंय का हे आधी बघा. मी पाच वर्षांपूर्वी माहेरच्या फणसाचा बाक केला, असाच प्लॅन बघून. झाड पावसात पडलं होतं, दिवाळीत चिरलं, संक्रांतीला बाक तयार. प्लॅनमध्ये लिहिल्याप्रमाणं वरची फळी खालून चारी बाजूंनी स्क्रूनं घट्ट आवळली. एप्रिलात रात्री धाडकन आवाज झाला. सकाळी बघते तर फळीला मधोमध भेग, बोट जाईल एवढी.

नंतर वडिलांनी समजावलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्क्रूनं त्याला धरून ठेवलं की ते फाटून वाट काढतं. एक इंच जाडीची फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी रचून साधारण वर्षभर ठेवायची. आणि वरची फळी बसवताना स्क्रूचं भोक गोल नको, रुंदीच्या दिशेला लांबट करायचं, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते.

माझ्या प्लॅनमध्ये हे नव्हतंच. ज्यानं तो काढला त्याचं घर बहुतेक बारा महिने यंत्रानं गरम-थंड राखलेलं असणार. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपडे चुलीवर वाळवायला लागतात.

घटप्रभा | २५ मे, सकाळी १०.२२

जांबोटी ताईंच्या अनुभवाला मान आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याला भरीव लाकडात का ढकलता? १९ मिलीचा प्लाय घ्या की. प्लाय फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल, रंधायचं काम नाही, वाळवायची वाट बघायची नाही. भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का बघून घ्या, आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस ३०३ मध्ये साधा एमआर, म्हणजे थोडीफार ओल सोसणारा, येतो. ओल्या भिंतीच्या घरात मी ७१० च घालतो.

फक्त करवतीची जाडी धरा. हे पहिल्यांदा करणारे सगळे विसरतात. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून बारा इंचाच्या चार पट्ट्या काढायच्या म्हणून लोक १२, २४, ३६ वर रेघा मारतात. पातं दर वेळेला तीन मिली खातं. तीन वेळा कापलं की नऊ मिली गेले, शेवटची पट्टी आखूड. शेल्फ एका बाजूला कलतो आणि मग भिंत वाकडी म्हणतात.

पुस्तकांचा कप्पा असेल तर तीन फुटांत मध्ये आधार द्या, नाहीतर पुढच्या कडेला खाली दीड इंचाची लाकडी पट्टी चिकटवा. अभ्यासाची पुस्तकं जड असतात, प्लाय वर्षाच्या आत पोट सोडतो.

जुना_गुण्या | २५ मे, दुपारी ४.५०

तीन मिली कशाला म्हणताय, एक सूत म्हणा. तीन वेळा कापलं, तीन सूत गेलं.

नवीन पोरांसाठी सांगतो. एका इंचात आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार, पाऊण म्हणजे सहा. तुमचा तो १९ मिलीचा प्लाय म्हणजे सहा सूत. टिळकवाडीकर, तुमच्या अमेरिकन प्लॅनमध्ये फळीची जाडी पाऊण इंच लिहिलेली असणार. तीही सहा सूतच. त्यांचे इंच आणि आपल्या मिस्त्रीचं सूत हे एकाच मापाचं आहे, म्हणून मी म्हणतो अमेरिकन प्लॅन आपल्याला मिलीमीटरच्या युरोपियन प्लॅनपेक्षा सोपा जातो. प्लॅनमधला अपूर्णांक आठाच्या छेदात करा आणि वरचा आकडा सूत म्हणून वाचा. तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. मिस्त्रीला काही समजावून सांगायला लागत नाही.

मी ३१ वर्षं एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होतो. फाउंड्रीसाठी लाकडाचे साचे करायचो. माझ्या बाकावर शेजारी बैलहोंगलकडचा बडिगेर (तिकडचा सुतार) होता. त्याला मराठी कमी, मला कन्नड कमी. इंच आणि सूत बोटांनी दाखवायचं. ११ वर्षं एकत्र काम केलं, मापावरून एकदासुद्धा घोटाळा झाला नाही.

जांबोटी | २५ मे, संध्याकाळी ६.१२

काका, लाकडाच्या नावांचं पण सांगा ना. वनखात्याच्या डेपोतल्या कागदावर कन्नड नाव असतं आणि आपली माणसं गोंधळतात.

जुना_गुण्या | २५ मे, संध्याकाळी ७.३०

होय की. मत्ती म्हणजे आपला ऐन. होन्ने म्हणजे बिबळा. नंदी म्हणजे नाणा. बीटे म्हणजे शिसव. हलसु म्हणजे फणस. तेग किंवा सागवानी म्हणजे सागवान. ऐन जड आणि चिवट, घराच्या वाशांना उत्तम, पण हातरंध्यानं टेबल करणाऱ्यानं त्याच्या वाट्याला जाऊ नये, रंध्याची धार पळवतो.

निपाणी_नाका | २५ मे, रात्री ९.०८

पलंगाचा प्लॅन घेणाऱ्यांनी सावध राहा. मी 'क्वीन' पलंगाचा प्लॅन तिकडचाच घेतला. त्यांची क्वीन गादी ६० बाय ८०. मी पलंग अगदी मापात, रंधा यांनी सांगितलं तसं जाडी धरून केला. गादी घ्यायला निपाणीत गेलो तर इथली क्वीन ७८ बाय ६०. पायथ्याला दोन इंच फट. बाळ झाल्यावर त्या फटीची भीती वाटायला लागली, त्याचा पाय अडकेल म्हणून. शेवटी आतून दोन इंचाची पट्टी लावली. गादी आधी, पलंग नंतर.

परतवारी | २५ मे, रात्री ११.४४

सध्या पुण्यात, मूळचा येळ्ळूरचा. विषय थोडा बाजूला नेतो.

घरी करायच्या फर्निचरचे प्लॅन लोकांना वाटायची कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. इटलीचे डिझायनर एन्झो मारी यांनी १९७४ मध्ये टेबल, खुर्च्या, बाक, पलंग, कपाट यांचे आराखडे काढले. नुसत्या सरळ कापलेल्या फळ्या आणि खिळे, अवघड सांधा एकही नाही. जो टपालखर्च पाठवेल त्याला आराखडे पाठवून द्यायचे. माणसानं स्वतःच्या हातानं एक टेबल केलं की दुकानातली वस्तू चांगली का वाईट हे त्याला कळायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. टेबल मिळवण्यापेक्षा ते कळणं त्यांना मोठं वाटायचं.

मी त्या पद्धतीनं एक टेबल केलंय. तिरक्या आधाराच्या पट्ट्यांमुळं खिळ्यांवरसुद्धा ते हलत नाही.

रंधा | २६ मे, सकाळी ८.०२

परतवारी, पाइनमध्ये खिळा ठीक. वाळलेल्या सागवानात कडेला सरळ खिळा माराल तर फळी चिरते. आधी बारीक भोक पाडायचं. स्क्रूला पण तेच.

मिस्त्रीचा_पोरगा | २६ मे, दुपारी १.२०

सगळं वाचलं. एक गोष्ट मनात आहे, ती बोलतो.

माझे वडील मिस्त्री. ४० वर्षं हेच काम. आमच्या गल्लीत पूर्वी पाच सुतारांची घरं होती, आता रंधा चालतो तो आमच्याच दारात. लोक तयार माल आणतात, आता प्लॅन बघून स्वतः करायला लागले. तुमचा हक्क आहे, पण माझ्या घरी त्या दिवशी काम नसतं.

पैशाचं बाजूला ठेवतो. प्लॅनमध्ये जे नसतं ते वडील बघतात. फळी हातात आली की ते आधी टोक बघतात, वर्तुळं कुठल्या बाजूला वाकलीत ते. वाळताना फळी सालीच्या बाजूनं खोलगट होते. टेबलाला कुठली बाजू वर घ्यायची, दोन फळ्या जोडताना रेषा कशा लावायच्या, गाठ कुठं लपवायची, पायाला सरळ रेषेचं लाकूड का पाहिजे, हे ते चिन्ह करून बाजूला ठेवतात. अर्धा दिवस जातो त्यात. बघणाऱ्याला वाटतं मिस्त्री विडी ओढत बसलाय.

मी स्वतः कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो, तेच माझं पोट आहे. तरी सांगतो, ड्रॉइंगमध्ये फळी म्हणजे नुसता चौकोन असतो.

टिळकवाडीकर | २६ मे, रात्री ९.५५

मिस्त्रीचा पोरगा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मला मिस्त्रीची मजुरी वाचवायची म्हणून हे करायचं नाही. पोरीनं मला काहीतरी करताना बघावं, तिनं पण हात लावावा, एवढंच. आमच्या वडिलांचा रंधा १९ वर्षं माळ्यावर होता.

तुमचे वडील लाकूड निवडून, चिरून, रंधून देतील का? त्याची मजुरी पूर्ण. जोडणी आम्ही बापलेक करू. पत्ता मेसेजमध्ये द्या.

मिस्त्रीचा_पोरगा | २६ मे, रात्री १०.४०

विचारलं. म्हणाले, पोरीला पण घेऊन या.

चाफा | २७ मे, सकाळी ६.५०

उंचीबद्दल कुणी बोललंच नाही. ३० इंच मोठ्या माणसाची उंची. आठवीतल्या मुलीला खांदे वर करून लिहायला लागेल, मान दुखेल. खुर्चीत सरळ बसवून तिच्या कोपरापर्यंतची उंची मोजा, टेबल तेवढंच पाहिजे.

पण म्हणून पाय कापू नका हां. दोन वर्षांत पोरी उंच होतात. टेबल २९ ते ३० ठेवा, खुर्चीवर बैठक वाढवा आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाय ठेवायला पट्टी द्या. उंची वाढेल तशी पट्टी खाली घ्यायची. माझ्या दोघांना असंच केलं.

घटप्रभा | २७ मे, सकाळी ११.१५

चाफा ताईंचं बरोबर आहे. मी गिऱ्हाइकाच्या पोरांसाठी टेबल करतो आणि पोराला बसवून कधी बघितलं नाही. आता बघेन.

शहापूरकर | २७ मे, दुपारी ३.०५

आमच्या शेतात सागवानाची चार झाडं आहेत, एक तोडून टेबल-कपाट सगळंच करावं म्हणतोय. प्लॅन मलाही पाठवा.

रंधा | २७ मे, दुपारी ३.४०

थांबा. आपल्या शेतातलं असलं तरी सागवान तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि वखारीपर्यंत न्यायला पास. १९७६ चा झाडं राखायचा कायदा आहे कर्नाटकात. सिल्व्हर ओक, निलगिरी, सुबाभूळ यांना तोडायच्या परवानगीतून सूट आहे, सागवानाला नाही. अर्ज करा, रीतसर करा. आणि आज तोडलेलं झाड यंदाच्या टेबलाला उपयोगी नाही, ताईंनी वर लिहिलंय.

घाई असेल तर जुनं सागवान बघा. जुनी घरं पाडतात तिथल्या तुळया, चौकटी. ५०-६० वर्षं वाळलेलं लाकूड, वाळायचं राहिलेलं नाही, पावसाळ्यात थोडं फुगेल तेवढंच. फक्त आतले खिळे शोधून काढा. लोहचुंबक फिरवायचं. एक खिळा राहिला तर मशीनचं पातं जातं.

निपाणी_नाका | २७ मे, रात्री ८.३३

आणखी एक, हात जोडून सांगतो. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून कापू नका. आपल्याकडं सर्रास करतात. माझ्या चुलतभावाचं असंच झालं, पातं गाठीत अडकलं, मशीन उसळलं, डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. ग्राइंडर त्या कामासाठी केलेला नाही. हातकरवतीला वेळ लागतो, लागू दे.

अमेरिकेतून कुणी मशीन आणलं तर प्लेट वाचा. तिकडचं १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडं २३०. सरळ लावलं की जळलंच.

जुना_गुण्या | २८ मे, सकाळी ९.१०

पॉलिशचं राहिलं. लाखदाणा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला की घरी पॉलिश होतं, सागवानावर त्याच्यासारखी झळाळी नाही. पण गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो. अभ्यासाच्या टेबलावर चहा-दूध येणारच. जवसाचं तेल सोपं, चिंधीनं चोळायचं, पुसायचं, वाळू द्यायचं.

तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेते. आमच्या शॉपमध्ये रात्री धूर निघाला होता, राखणदार जागा होता म्हणून वाचलो. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

टिळकवाडीकर | १९ ऑक्टोबर, रात्री ८.१५

मंडळी, उशीर झाला, पण टेबल झालं.

मिरगाच्या आधी काही जमलं नाही. मिस्त्रीकाकांनी नंदगडच्या पाडलेल्या घराची एक तुळई मिळवून दिली, सागवान. पोरीनं लोहचुंबक फिरवून ११ खिळे काढले, ते तिनं डबीत ठेवलेत. काकांनी तुळई चिरताना तिला टोक दाखवलं, कुठली बाजू झाडाच्या पोटाकडची ते विचारलं. दुसऱ्या फळीला तिनं न विचारता बरोबर सांगितलं. ते तिच्याकडं बघून हसले, माझ्याकडं बघितलं नाही.

रंधून पाय आला एक इंच सहा सूत, चौरस. सांगाडा मी ४६ इंचाचा धरला, म्हणजे फळी दोन्हीकडं इंचभर बाहेर. त्यातून दोन पाय वजा केले, मधली पट्टी ४२ इंच चार सूत. प्लॅनच्या यादीतला एकही आकडा तसाच राहिला नाही, फक्त ४८ बाय २४ ची फळी आणि ३० ची उंची राहिली. पायपट्टीला तीन भोकं पाडलीत, चाफा ताई, सध्या ती सगळ्यात वर आहे.

काकांनी स्क्रूऐवजी खाच आणि कूस (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) करायला लावलं. पहिल्या दोन खाचा मी बिघडवल्या, त्यात पाचर मारून भरून घेतलं. वरची फळी तीन तुकडे जोडून केली आणि लांबट भोकांवर बसवली. जुलैत बसवली तेव्हा मागची कड सांगाड्याबाहेर इंचभर होती. आज मोजली. मागच्या बाजूला सुताहून थोडी कमी आत गेलीय. जांबोटी ताई, भेग नाही.

खण राहिलाय. प्लॅनमधला खण पाऊण इंची फळीचा, फार जड वाटतो.

जांबोटी | १९ ऑक्टोबर, रात्री ८.५०

वाचून बरं वाटलं हो. खणाला बाजू चार सूत पुरे, तळ सहा मिली प्लायचा. समोरची फळी तेवढी सहा सूत ठेवा.

रंधा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.२०

आणि खण वरून आणि दोन्ही बाजूंनी अर्धा सूत सैल ठेवा. आता ऑक्टोबरात मापात बसला तर जुलैत निघणार नाही. शक्य असेल तर पावसाळा संपायच्या आत मोजलेलं माप काढा तुमच्या वहीतून.

मिस्त्रीचा_पोरगा | १९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

वडील विचारतायत, खणाला पोरगी कधी येणार. डवटेलची (कोपऱ्यातल्या दातेरी सांध्याची) पटाशी धार लावून ठेवलीय.

शहापूरकर | २० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

कुंदा रविवारी घेऊन येतो. सूतवाली यादी तेवढी टाका, आमच्याकडं पण एक चौकट पडून आहे.